अर्धा कळप कातरला होता

(पट्टणकोडोली. ड्रोन. देवळाभोवती सगळं पिवळं.)

ही पट्टणकोडोली. कोल्हापूर जिल्हा, हातकणंगले तालुका. विठ्ठल-बिरदेवाची ही जत्रा आश्विनात भरते. हवेत उडतोय तो भंडारा. त्यात पांढरं चमकतंय ते खोबरं. आणि काळं, हलकं, खाली यायला सगळ्यांत जास्त वेळ घेणारं जे आहे, ती लोकर.

मेंढीची लोकर. वर्षभर जिला कुणी विचारत नाही, ती या दिवशी देवावर उधळली जाते.

(फरांडे बाबा. तलवार. गर्दी शांत होते.)

फरांडे बाबांची भाकणूक ऐकायला महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून धनगर येतात. पाऊस कसा पडेल, पीक कसं येईल, दिवस कसे जातील, हे इथं सांगितलं जातं. गर्दीत मागं उभा राहिलेला मेंढपाळ कान टवकारून ऐकतो. त्याच्या डोक्यावर छप्पर नसतं, त्यामुळे पावसाची गोष्ट त्याच्यासाठी घरातलीच असते.

(मळी. ऊस तुटलेलं रान. संध्याकाळ. वाघर लावताना.)

दिवाळी झाली की कळप पूर्वेच्या माळावरून खाली उतरतात. शिरोळ, हातकणंगले, करवीर, कागल. पंचगंगेच्या आणि कृष्णेच्या मळीत, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानात, ऊस तुटायला लागलेला असतो. वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे मिळतात, बांधावरचं गवत मिळतं. आणि शेतकऱ्याला खत मिळतं.

इथल्या बोलीत मेंढराला बकरंच म्हणतात. शेळीला शेरडू. आणि या कामाला म्हणतात रानात बकरी बसवणं. एका रानात एक रात्र, दोन रात्री कळप मुक्काम करतो. लेंडी आणि मूत जागच्या जागी मातीत मुरतं. मेंढपाळाला धान्य मिळतं नाहीतर रोख. ही जाळी दिसते आहे, ती वाघर. खुंट्या ठोकायच्या, जाळी ताणायची, झालं कळपाचं घर. बिऱ्हाड घोड्यावर. कोकरं डालग्यात, म्हणजे मोठ्या टोपलीत.

तिघा भावांची मिळून दीडशेच्या आसपास बकरी. हा त्यांचा तळ.

(रिकामी वाघर. ओली माती. बांधाला लागून उकरलेला, बुजवलेला खड्डा. इथे निवेदन नाही. 20 सेकंद.)

आम्ही पोचलो तेव्हा दोन दिवस होऊन गेले होते. त्या पावसाच्या रात्रीचं चित्रीकरण आमच्याजवळ नाही.

डिसेंबरातली रात्र. कोल्हापूरची थंडी म्हणजे काही काश्मीरची थंडी नव्हे. पारा सहसा दहाच्या खाली जात नाही. कोरड्या थंडीत मेंढीला काही होत नाही. पण अंगावर पाऊस आणि वर वारं, असं दोन्ही एकदम आलं की गणित फिरतं. मेंढीच्या अंगाचं तापमान साधारण 39 अंश सेल्सिअस असतं. कातडीपर्यंत भिजलेलं जनावर ती ऊब राखू शकत नाही. आधी ते थरथरतं, मग थरथरणंही थांबतं. भेदरलेली बकरी एकमेकांत घुसतात, एकमेकांवर चढतात, आणि खालची कोंडून मरतात. जी सकाळपर्यंत तगतात त्यांतली काही पुढच्या तीन-चार दिवसांत न्यूमोनियानं जातात.

2021 च्या डिसेंबरचे पहिले दोन दिवस ज्यांना आठवतात, त्यांना हे वेगळं सांगायला नको. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर. एका पावसात शेकडो मेंढ्या गेल्या होत्या.

या तळावरची 26 गेली. त्यांत गाभण 11.

(मोठा भाऊ, वाघरीजवळ उभा. मुलाखत.)

"आदल्या आटवड्यात कातराय घेतलं हुतं. निम्मी झाली, निम्मी ऱ्हायली. गेली ती बगा, कातरल्याली गेली. न्हाईतर ती उंच, केसाची. काळी, लोकरीची, एक सोडून सगळी उभी हायती."

हे वाक्य आम्हाला या सगळ्या चित्रीकरणात सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं.

(काळी मेंढी, जवळून. लोकरीत हात घातल्यावर बोटं दिसेनाशी होतात.)

ही दख्खनी. अंगानं लहान, रंगानं बहुतेक काळी, चालायला चिवट. तिची लोकर जाडीभरडी. स्वेटरला चालत नाही, शालीला चालत नाही. कातरायची मजुरी द्यावी तर लोकरीचे तेवढेही पैसे येत नाहीत, म्हणून पुष्कळ ठिकाणी कातरलेली लोकर बांधावर तशीच टाकून देतात. आणि मटणाच्या बाजारात भाव असतो तो उंच, भराभर वजन धरणाऱ्या जनावराला. जत भागातली माडग्याळ तशी आहे. देखणी, बाकदार नाकाची, अंगावर लोकर थोडी. गेल्या काही वर्षांत कळपाकळपांत तिचे नर आले. पैसा दिसला म्हणून आले, त्यात मेंढपाळाचं काय चुकलं? पोरांच्या शाळेची फी लोकरीनं भरत नाही.

पण म्हातारे मेंढके एक सांगतात. लांबची चाल आणि गार पाऊस, दोन्ही सोसावं ते काळ्या बकऱ्यानंच.

(कातरणी. मेंढीचे चारही पाय एकत्र बांधलेले. कातरीचा आवाज.)

कातरणं टाळता येत नाही. लोकर वाढली की तिच्यात कुसळं अडकतात, गोचीड लपतात, उन्हाळ्यात जनावर धापा टाकतं. वर्षातून दोनदा कातरावं लागतं. आधी ओढ्यात धुवायचं, वाळू द्यायचं, मग कातर. पोटापासून सुरुवात, मग बरगडी, मग पाठ. लोकर एका अंगानं उलगडत येते, गोधडीसारखी. बघत राहावं असं काम आहे. कातर जिथं टोचेल तिथं हळद.

(घोंगडीचा माग. खड्ड्यात बसलेला विणकर. धोट्याचा आवाज आधी, चित्र नंतर.)

आता ही लोकर कुठं जाते ते बघा. कुठं जायची, म्हणावं लागेल, कारण असे माग आता हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच चालू आहेत.

धनगराच्या बाया लोकर निवडतात. पिंजून पोकळ करतात. चरख्यावर सूत काढतात. ते सूत सनगराकडं जातं. सनगर म्हणजे घोंगडी विणणारा समाज. ताणा अंगणात लांब ताणून बांधला की त्याला खळ लावायची. ही खळ चिंचोक्याची. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, भिजवायचे, वाटायचे, शिजवायचे. घट्ट, चिकट लापशी होते. कुंच्यानं ती सुतावर ओढत न्यायची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, परत फिरायचं, परत न्यायची. सूत ताठ होतं, मागावर तुटत नाही. उन्हात वाळलं की खड्डामागावर चढवायचं. विणकर जमिनीत पाय सोडून बसतो, पाय खाली पावड्यांवर, हात वर धोट्यावर. खट. खट.

(घोंगडं अंगणात झटकतात. धूळ उन्हात.)

नवं घोंगडं खळीमुळे कडक लागतं. वापरून मऊ होतं. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. आणि ओल शोषताना ती थोडी उष्णता सोडते. प्रयोगशाळेत मोजता येणारी ही गोष्ट धनगराला खांद्यावर कळली. पावसात घोंगड्याची खोळ डोक्यावरून घेतलेला माणूस पंचगंगेच्या काठानं चालताना दिसला, तर तो जुन्या पद्धतीचा म्हणून चाललेला नाही. त्याला गार लागत नाही म्हणून चाललेला आहे.

त्या रात्री या तळावर प्लॅस्टिकचे दोन कागद होते. वाऱ्यानं पहिल्या तासातच फाडले. घोंगडी सात होती. सातही कोकरांवर गेली. माणसं भिजली.

(गुऱ्हाळ. पहाट. वाफ. चुलवाणाचा जाळ.)

हे गुऱ्हाळ तळापासून हाकेच्या अंतरावर. डिसेंबरात इथं रात्रभर माणूस जागा असतो. खाली चुलवाण पेटलेलं, चिपाडं आत ढकलली जातात, वर कढईत रस उकळतो. चुलवाणाच्या मागच्या भिंतीला हात लावून बघा, दुपारपर्यंत ऊब जात नाही.

पहाटे तीनच्या सुमाराला पाठीवर डालगी घेऊन बाया इथं आल्या. गुळव्यानं, म्हणजे गूळ करणाऱ्यानं, काही विचारलं नाही. कोपऱ्यातला चिपाडांचा ढीग बाजूला सारला आणि जागा करून दिली. आठवडाभरापूर्वी कातरलेली, कुणी विकत न घेतलेली लोकर पोत्यांत भरून ठेवली होती. तीच पोती उघडली. डालग्यात खाली लोकर, वर कोकरू, त्याच्यावर परत लोकर.

(कोकराच्या तोंडात बोट. म्हाताऱ्या बाईचा हात. लांब शॉट.)

आजी करताहेत ते नीट बघा. कोकराच्या तोंडात बोट घातलंय. तोंड आतून गरम असेल आणि बोट ओढत असेल तर कोकरू जगणार. तोंड गार असेल तर दूध पाजायचं नाही. गारठलेलं पोट दूध पचवत नाही आणि गिळता आलं नाही तर दूध छातीत जातं. आधी पुसून कोरडं करायचं, ऊब द्यायची, मग चीक, म्हणजे व्याल्यानंतरचं पहिलं दूध. नुकत्याच जन्मलेल्या कोकरासाठी पशुवैद्यकाच्या पुस्तकात हाच क्रम दिलेला आहे. जन्मल्यापासून पहिल्या काही तासांत चीक पोटात जायला हवा, किलोमागे 50 मिलीलीटर एका वेळेला. आजींकडं माप नाही. त्या कोकराच्या पोटावर हात ठेवून ओळखतात. पाच तासांहून मोठं गारठलेलं कोकरू मान टाकून पडलं असेल तर मात्र वाट न बघता डॉक्टरला बोलवायचं, ऊब देण्याआधी शिरेतून किंवा पोटाच्या पोकळीत सुईनं ग्लुकोज द्यावं लागतं, ते घरचं काम नाही.

भिंतीपाशी ठेवलेली 19 कोकरं. 17 उठली.

(पंचनामा. कागद, शिक्का, मोबाइलमधले फोटो.)

पंचनामा झाला. 2022 साली ठरलेल्या निकषांत मेंढीमागे मदत 4,000 रुपये होती. 1 जून 2024 नंतर कानात बिल्ला नसलेल्या जनावराला आपत्तीची भरपाई नाही. बारा आकडी, पिवळा बिल्ला. या 26 मधल्या नऊ जणींच्या कानात तो नव्हता. खड्ड्यात चुना आणि मीठ टाकून पुरलं.

(दुपार. वाघरीचा एक कोपरा. एक मेंढी, एक कोकरू.)

या कोपऱ्यात दोघं आहेत, आणि दोघं एकमेकांची कुणी नाहीत. मेंढीचं कोकरू गेलं. कोकराची आई गेली. मेंढी वास घेते आणि ढुशी देते. ती वासानं ओळखते, आणि हा वास तिचा नाही.

मधल्या भावानं मिठाचं पाणी केलं. कोकराच्या पाठीला, शेपटीपाशी चोळलं. मेंढीचंच दूध काढून कोकराच्या डोक्याला लावलं. मेंढीचा पाय खुंटीला आखूड बांधला, फिरता येऊ नये एवढाच. आणि तो बाजूला जाऊन बसला. बिडी पेटवली नाही, धुराचा वास मध्ये येतो म्हणून.

(इथे निवेदन नाही. मेंढी चाटते. पूर्ण शॉट ठेवा, कापू नका.)

दिवसातून चार वेळा हे करायचं. कधी दुसऱ्या दिवशी जमतं, कधी पाचव्या. काहींचं जमतच नाही, ती शेरडाच्या दुधावर वाढतात. या तळावर अशा सहा जोड्या लावल्या होत्या. आम्ही निघालो तोवर चार जमल्या.

(पाचटाचा पट्टा. शेतकरी आणि मोठा भाऊ बोलताना, लांबून.)

हे बोलणं ऐकू येत नाही, पण काय चाललंय ते सांगायला हवं. ऊस तुटला की रानात पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं, पडतं. बहुतेक जण ते पेटवतात. पाचट कोरडं, हलकं, खाली पसरलं की कोकराला जमिनीची ओल लागत नाही. मोठा भाऊ रानमालकाला म्हणतोय, "पावणं, ह्या बांधाकडचं तेवढं पेटवू नका. फुडच्या खेपंला आमास्नी लागंल." रानमालकानं काठीनं मातीत रेघ ओढून दाखवली. रेघेच्या अलीकडचं जळेल, पलीकडचं राहील.

उरलेल्या काळ्या बकऱ्यांची कातरणी संक्रांतीनंतर करायचं ठरलंय. आणि पुढच्या वर्षासाठी नर बघायचा आहे. धाकटा भाऊ माडग्याळ म्हणतोय, थोरला काळाच म्हणतोय. आमच्यासमोर त्यांचं एकमत झालं नाही.

(सकाळ. धुकं. घोड्यावर बिऱ्हाड. वाघर गुंडाळलेली.)

तळ हलला. पुढचं रान चार किलोमीटरवर, नृसिंहवाडीच्या अंगाला. मोजदाद आजी करतात, बकरी बांधावरच्या फटीतून एकेक बाहेर पडताना. मोजून झालं की मोठ्यानं आकडा सांगायची पद्धत आहे. आज त्यांनी आकडा सांगितला नाही. काठी उचलली आणि कळपाच्या मागं चालू लागल्या.

शेवटच्या घोड्यावर दोन डालगी आहेत. दोन्हींतून लोकर बाहेर आलेली दिसते.