मानापमानाच्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे

नमस्कार, श्रोते हो.

रेडिओवर नाट्यगीतांचा कार्यक्रम लागला की निवेदक आधी गायकाचं नाव सांगतात. मग नाटकाचं, मग पद लिहिणाऱ्याचं. आणि अगदी शेवटी, पेटीचे, म्हणजे हार्मोनियमचे, सूर सुरू होता होता, एक नाव कानावर पडतं : संगीत, गोविंदराव टेंबे. तोवर आपलं लक्ष पदाकडे गेलेलं असतं. आज मला त्या शेवटी येणाऱ्या नावाबद्दल बोलायचं आहे. कारण मराठी माणूस गेली शंभराहून अधिक वर्षं जी गाणी सहज गुणगुणतो आहे, त्यांतली कितीतरी या माणसाच्या पेटीतून निघाली आहेत.

गोविंद सदाशिव टेंबे यांचा जन्म ५ जून १८८१ चा. वाढले ते कोल्हापूरच्या हवेत. ते कोल्हापूर शाहू महाराजांचं. अल्लादियाखाँसाहेब दरबार गवई होते, देवल क्लबात गाण्याच्या बैठकी होत, आणि गावात गाण्याचा कान असलेली माणसं भरपूर. गोविंदराव पेटी शिकले ते मुख्यतः ऐकून आणि स्वतःच्या हिमतीवर. पुढे भास्करबुवा बखल्यांसारख्या थोर गवयाची साथ त्यांनी केली, आणि बुवांना गुरू मानलं. साथीदाराला एक गोष्ट फार लवकर कळते. गवई कुठे श्वास घेणार, कुठे थांबणार, कुठली जागा त्याच्या गळ्याला सोपी आणि कुठली अवघड, हे त्याला गवयाच्या आधी ओळखावं लागतं. गोविंदरावांच्या चालींत पुढे जे दिसतं, त्याचं मूळ मला या साथीत सापडतं.

आता १९११ सालापाशी येऊ. त्याआधीच्या संगीत नाटकांची छापील पुस्तकं तुम्ही पाहिली असतील, तर पदाच्या डोक्यावर एक ओळ दिसते : "चाल – अमुक तमुक". म्हणजे लावणीची चाल, कीर्तनातली चाल, कानडी नाटकातली चाल, साकी, दिंडी. नाटककारच ती निवडायचा आणि तिच्यावर शब्द बसवायचा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' आणि 'सौभद्र' असंच उभं केलं, आणि काय सुंदर उभं केलं! पण चाली देण्याचं काम एका वेगळ्या माणसावर सोपवायचं, तेही जाणत्या संगीतकारावर, हा रिवाज रंगभूमीवर रुजला नव्हता.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर 'मानापमान' लिहायला बसले. संगीत नाटक लिहिण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. किर्लोस्कर नाटक मंडळीनं चालींसाठी गोविंदरावांना बोलावलं. गोविंदराव पेटीवर चाल वाजवून दाखवायचे, खाडिलकर तिच्यात अक्षरं बसवायचे. चाल आधी आणि शब्द नंतर. त्याचा परिणाम पदांत स्पष्ट दिसतो. "युवतिमना दारुण रण रुचिर प्रेमसे झाले" ही ओळ नुसती वाचून पाहा. जीभ अडखळते, अर्थ लावायला थांबावं लागतं. खाडिलकरांच्या पदांवर टीका झाली ती याच कारणानं, आणि मला ती चुकीची वाटत नाही. पण हीच ओळ गाऊन पाहा. शब्द आपोआप सुरांवर चढतात. अवघड शब्दांना लोकांच्या ओठांवर नेऊन बसवण्याचं काम चालीनं केलं.

या चाली आल्या कुठून? गोविंदरावांचं मन बनारस-लखनौकडच्या गाण्यावर बसलं होतं. ठुमरी, दादरा, कजरी, होरी. मराठी रंगभूमीला हा बाज तोवर फारसा परिचयाचा नव्हता. त्यातल्या अनेक बंदिशी त्यांनी मराठी पदांसाठी घेतल्या. इथे काही जण म्हणतात की मग यात त्यांचं स्वतःचं काय? मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबून बोलतो.

ठुमरी ही मैफलीची चीज. एकच ओळ घेऊन गाणारा ती वेगवेगळ्या भावांनी फुलवत राहतो, आणि ऐकणारे जाणकार असतात. नाटकात तसं चालत नाही. नायिका भामिनी रुसली आहे, समोर नायक धैर्यधर उभा आहे, प्रेक्षक पुढचं काय होतं याची वाट बघतो आहे. तिथे गाणं दोन-चार मिनिटांत आपलं म्हणणं मांडून मोकळं झालं पाहिजे. आणि तरीही, बालगंधर्वांसारखा गळा असेल आणि "वन्समोअर" आला, तर त्याच पदात आलाप-तानांना जागा निघाली पाहिजे. "नाही मी बोलत नाथा" ऐका. मुखडा इतका छोटा आणि रेखीव की गाणं न शिकलेला माणूसही एकदा ऐकून म्हणेल. पण त्या "नाथा"वर मोठा गायक कितीही रमू शकतो. काय ठेवायचं, काय काढायचं, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठल्या अक्षरावर आणायची, हे सगळं ज्यानं ठरवलं तो रचनाकारच. बंदीश उत्तरेची होती. तिचं मराठी गाणं गोविंदरावांनी केलं.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईच्या रिपन थिएटरात 'मानापमान'चा पहिला प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी, नानासाहेब जोगळेकर धैर्यधर. आणि मग "मला मदन भासे", "या नवनवल नयनोत्सवा", "शूरा मी वंदिले", "प्रेम सेवा शरण" ही पदं गावोगाव पसरली. त्या काळी रेडिओ नव्हता. नाटक मंडळ्या गाडीनं, बैलगाडीनं फिरत, ग्रामोफोनच्या तबकड्या नुकत्या घरांत शिरू लागल्या होत्या. तरी पदं पोचली.

पुढे दहा वर्षांनी या चालींची खरी कसोटी लागली. ८ जुलै १९२१ रोजी, टिळक स्वराज्य फंडासाठी, गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन नाटक कंपन्यांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केलं. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. एक गळा लडिवाळ, मधाळ. दुसरा उंच, तेजस्वी, झेप घेणारा. एकाच नाटकाची पदं या दोघांनी एका रात्री रंगवली. मास्टर दीनानाथांनी तर पुढे धैर्यधराच्या काही पदांना स्वतःच्या आक्रमक ढंगाच्या चाली दिल्या, आणि आज अनेकांच्या कानात त्याच आहेत. त्यात गोविंदरावांना कमीपणा येतो असं मला मुळीच वाटत नाही. पद लोकांच्या मनात घट्ट बसलेलं असलं तरच त्याला दुसरी चाल देण्याची ऊर्मी कुणाला होते.

मधल्या काळाबद्दल थोडक्यात सांगतो. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव या तिघांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे गोविंदराव तिच्यातून बाहेर पडले आणि त्यांनी 'शिवराज नाटक मंडळी' ही स्वतःची कंपनी चालवली. नाटकं लिहिली, चाली दिल्या, स्वतः भूमिका केल्या.

मग आला बोलपट. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीनं शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखाली 'अयोध्येचा राजा' केला, तो मराठी बोलपट ६ फेब्रुवारी १९३२ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. तारामती दुर्गाबाई खोटे. हरिश्चंद्र कोण? गोविंदराव टेंबे. वय पन्नास, आणि संगीतही त्यांचंच. पार्श्वगायन तेव्हा आलंच नव्हतं. नटानं कॅमेऱ्यासमोर उभं राहून, अभिनय करता करता गायचं, आणि वादकांनी चौकटीच्या बाहेर राहून साथ करायची. चूक झाली की सगळं पुन्हा. रंगभूमीवर आयुष्य काढलेल्या माणसानं या वयात हे नवं तंत्र आपलंसं केलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. 'माया मच्छिंद्र', 'सिंहगड', 'सैरंध्री' या प्रभातच्या चित्रपटांचं संगीतही त्यांचंच. आपल्या चित्रपटसंगीताची वंशावळ लिहायला घेतली तर पहिल्या ओळीत हे नाव घालावं लागेल.

आणि आता पेटीबद्दल. तेवढं सांगितल्याशिवाय गोविंदराव पुरे होत नाहीत. पेटीचे सूर ठोकळेबाज, तिच्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, निघत नाही, दोन सुरांमधली जागा दाखवता येत नाही, हा जुना आक्षेप आहे आणि वाद्याची घडण पाहता तो खराही आहे. याच कारणानं १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर पेटीला बंदी झाली, आणि पुढची तीसेक वर्षं ती टिकली. पण गोविंदरावांनी याच पेटीवर स्वतंत्र वादन करून ख्याल-ठुमरीचा रंग भरला होता. बोटांचा हलका स्पर्श, स्वरांना लगटून जाणारे कण आणि भात्यावरचा ताबा, यांच्या जोरावर त्यांची पेटी गळ्यासारखी गायची. ज्या वाद्याला लोक केवळ साथीचं समजत, त्याला मैफलीत मानाची जागा मिळवून देणाऱ्यांत ते अग्रभागी होते.

लेखणीही त्यांनी तितक्याच प्रेमानं चालवली. 'माझा संगीत व्यासंग' आणि 'माझा जीवनविहार' ही पुस्तकं मिळाली तर जरूर वाचा. आपण ऐकलेल्या गवयांबद्दल ते ज्या मोकळेपणानं आणि बारकाव्यानं लिहितात, त्यातून त्या पिढीचं गाणं कसं होतं हे कळतं. अल्लादियाखाँसाहेबांचं चरित्रही त्यांनी लिहिलं.

९ ऑक्टोबर १९५५ रोजी गोविंदराव गेले. 'मानापमान'चे प्रयोग त्यानंतरही होत राहिले, आणि नाट्यसंगीताच्या स्पर्धांत आजही एखादी मुलगी "नाही मी बोलत नाथा" घेऊन उभी राहते.

नमस्कार.