नाटक उत्तम आहे, बंद करू या

पत्रिकेवर विषय छापलाय, 'नवा सिनेमा थिएटरात का टिकत नाही'. सिनेमाकडे येतोच. पण मी नाटकवाला, त्यामुळे वाट जरा दादरवरून जाईल. तुमची हरकत असली तरी जाईल.

'लोकांना चांगलं नकोच असतं' हे रडगाणं मला मान्य नाही. आमचं एक नाटक होतं. तिसरा प्रयोग, गुरुवारची दुपार. बुकिंगच्या खिडकीत प्लॅन पाहिला. पुढच्या दोन रांगांवर फुल्या, त्यातल्या निम्म्या पासवाल्यांच्या. मागे सगळा कोरा कागद. निर्माते (नाव घेत नाही, माणूस सज्जन) वड्याचा घास गिळून म्हणाले, "नाटक उत्तम आहे. बंद करू या." तेव्हा असा राग आला! पण त्यांचा हिशेब बघा. नाट्यगृहाचं भाडं, नटांची नाइट (म्हणजे दर प्रयोगाचं मानधन), बॅकस्टेजची नाइट, पेपरातली जाहिरात, नेपथ्याचा टेम्पो. समोर चाळीस माणसं असोत की आठशे, टेम्पोवाला तेवढेच घेतो. (हशा) आणि बंद केल्यावर महिन्याभरानं लोक दादरच्या पुलावर गाठून विचारतात, "तुमचं ते नाटक छान आहे म्हणे, पुढचा प्रयोग कधी?" नव्या नाटकाची कीर्ती पायी येते, बिलं त्याच रात्री.

आता दादरची छबिलदास शाळा. १९७४पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेनं त्या शाळेच्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकं केली. ती विचारांची चळवळ होती, असं आपण सांगतो. असेलच. मी म्हणतो, ती आधी कमी भाड्याची होती. शाळेचा हॉल, जेमतेम रंगमंच, नाइट मागणारं कुणी नाही. नाटक पडलं तरी कुणाचं घर गहाण पडत नव्हतं. पडलेलं बाजूला ठेवून दुसरं वेडं नाटक उभं. पुढे तो हॉल सुटला, मंडळी माहीमला गेली. गल्लीतला बटाटेवडा मात्र तिथंच टिकला, त्याला कुणी प्रायोगिक म्हटलं नाही म्हणून.

चिठ्ठी आली, 'पाच मिनिटं'. बरं, सिनेमा. शुक्रवारी लागतो, शनिवार-रविवारचा गल्ला बघून पुढच्या आठवड्याचे खेळ ठरतात. आडवेळेचा खेळ, म्हणून गल्ला कमी. गल्ला कमी, म्हणून तोही खेळ गेला. २०१५च्या एप्रिलमध्ये सरकारनं मल्टिप्लेक्सना सांगितलं, मराठी सिनेमा प्राइम टाइमला लावा. ओरड झाली, मग 'दुपारी १२ ते रात्री ९' असं ठरलं. त्याच महिन्यात 'कोर्ट' हा मराठी सिनेमा लागला, देशातल्या सर्वोत्तम चित्रपटाचं सुवर्णकमळ जाहीर झालेला. भांडण सगळं वेळेचं चाललं होतं. पडद्यावर मुक्काम किती, हे कुणी विचारलंच नाही.

माझं मागणं साधं आहे. एक पडदा, रोज संध्याकाळचा एकच खेळ, पण सहा आठवडे हलवायचा नाही. तोटा कुणी सोसायचा? मराठी सिनेमाचं सरकारी अनुदान निर्मात्याच्या हातात जातं, त्यातलं थोडं पडद्याच्या भाड्याकडे वळवा. आकडेमोड करून आणली होती. कागद संयोजकांकडे ठेवतो, चहाच्या वेळी बघा.