ब्रेक धरतो तेव्हाच बघायचा

(साताऱ्यात दुचाकी दुरुस्ती शिकणाऱ्या मुलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

पोरांनो, गिऱ्हाईक दारात येतं आणि सांगतं, "ब्रेक मधूनच जाम होतोय." आपण गाडी डबल स्टँडवर घेतो, पुढचं चाक उचलून फिरवतो. चाक मोकळं. लिव्हर दाबतो, सोडतो, सगळं जिथल्या तिथं. मग आपण पॅड, म्हणजे डिस्कला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, बदलतो, कारण माणूस आलाय म्हटल्यावर काहीतरी करायला पाहिजे. आठ दिवसांनी तोच माणूस, तीच तक्रार. हे मी माझ्या हातानं केलंय, म्हणून आज त्याच्यावरच बोलणार आहे.

कासच्या रस्त्यावरच्या एका गावातले गुरुजी रोज यवतेश्वरचा घाट उतरून साताऱ्यात शाळेला यायचे. त्यांची तक्रार अशी, की समर्थ मंदिरापाशी पोचेपर्यंत गाडी जड होते, मागनं कुणी धरून ठेवल्यासारखी. पण माझ्याकडं ते यायचे शाळा सुटल्यावर. तोवर गाडी दिवसभर उभी, ब्रेक थंडगार, चाक भिंगरीसारखं फिरायचं. पहिल्या खेपेला मी पॅड बदलले. दुसऱ्या खेपेला कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा चिमटा, उतरवून साफ केला, पिनांना नवं ग्रीस लावलं. तिसऱ्या खेपेला गुरुजी एवढंच म्हणाले, "मागं लेक बसलेली असते हो." त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या गावाला गेलो आणि त्यांच्या मागोमाग घाट उतरलो. शेवटच्या वळणापाशी त्यांनी हात केला. बघतो तर लिव्हर दगडासारखा घट्ट, जरासुद्धा खेळ नाही. चाक हातानं हलेना. डिस्कवर पाण्याचे दोन थेंब टाकले, तर चर्र झालं.

इथं नीट ऐका. अशा वेळी सगळ्यांचा हात आधी खाली निपलकडं, म्हणजे कॅलिपरवरच्या ऑइल सोडायच्या स्क्रूकडं जातो. निपल सैल केला की ऑइल उडतं, चाक सुटतं आणि आपल्याला बरं वाटतं. पण त्या ऑइलबरोबर पुरावाही जातो. दाब नेमका कुठं अडकला होता, ते मग कळत नाही. म्हणून वरून खाली यायचं. आधी लिव्हरचा बोल्ट काढून लिव्हर बाजूला घ्यायचा. चाक सुटलं, तर लिव्हरच मास्टर सिलेंडरच्या, म्हणजे हँडलवरच्या दाब तयार करणाऱ्या नळकांड्याच्या, पिस्टनला रेटत होता. नाही सुटलं, तर मास्टर सिलेंडरला पाइप जिथं जोडलाय तो बोल्ट फडकं धरून थोडा ढिला करायचा. आता सुटलं, तर दोष मास्टर सिलेंडरमध्ये. तरीही नाही सुटलं, तर मग निपल. निपलवर सुटलं म्हणजे पाइप आतून फुगून बंद झालाय. तिथंही नाही सुटलं, तर ऑइलचा संबंध नाही, कॅलिपरचा पिस्टन किंवा पिना धरल्यात. चार जागा आणि दोन पाने, एवढ्यावर काम होतं. पण हे चाक जाम असतानाच करावं लागतं. थंड झाल्यावर चारही जागा निर्दोष दिसतात.

गुरुजींच्या गाडीचं चाक पहिल्याच जागी सुटलं. लिव्हर काढला, पिस्टन केसभर बाहेर आला आणि चाक मोकळं. पुढचा ब्रेक नसलेली गाडी उतारावर चालवायची नाही. आम्ही छोटा हत्ती बोलावला आणि गाडी त्यात घालून आणली.

केसभरानं एवढं का व्हावं? मास्टर सिलेंडरच्या टाकीच्या तळाला दोन भोकं असतात. त्यातलं एक सुईच्या टोकाएवढं. लिव्हर पूर्ण सोडला की पिस्टनचं रबर त्या भोकाच्या मागं जातं आणि तापून फुगलेलं ऑइल त्यातून टाकीत परत येतं. गुरुजींची गाडी मागं एकदा पडली होती, तेव्हा लिव्हर बदललेला. नव्या लिव्हरचं नाक, म्हणजे पिस्टनला टेकणारं टोक, किंचित लांब. त्यामुळं रबर भोकावरच बसून राहायचं. थंड असताना काही जाणवायचं नाही. घाटात ब्रेक तापला की ऑइल फुगायचं, त्याला परतीची वाट नाही, म्हणून तेच पॅड दाबायचं. पॅड घासले की आणखी ताप, आणखी दाब. शाळेत उभी राहिली की ऑइल आक्रसायचं आणि चाक सुटायचं. मूळ मापाचा लिव्हर बसवला, तेव्हापासून त्यांची तक्रार नाही. त्याच भोकात गाळ बसला किंवा कुणी चुकून इंजिन ऑइल घालून रबर फुगवलं, तरी लक्षण हेच.

याच्या उलटी तक्रारही येते. पसरणी घाट उतरताना लिव्हर एकदम ग्रिपपर्यंत जातो, वाईत चहा पिऊन निघालं की ब्रेक ठणठणीत. हे जुन्या ब्रेक ऑइलचं काम. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ या दर्जाचं नवं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ती हमी १५५ अंशांवर येते. उकळलं की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ती दाब पुढं नेत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर दर २ वर्षांनी ऑइल बदलायलाच पाहिजे. टाकीत वरून भर घालणं म्हणजे बदलणं नव्हे. आणि गिऱ्हाइकाला सांगा, उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, सगळं ओझं ब्रेकवर टाकू नका.

तिसरा प्रकार फक्त विचारल्यावरच सापडतो. "पहिल्या दाबाला लिव्हर खोल जातो की प्रत्येक दाबाला?" खड्ड्यांतून आल्यावर पहिला दाब खोल आणि दुसरा बरोबर असेल, तर ऑइलमधली हवा काढत बसू नका. चाकाचं बेअरिंग किंवा डिस्कचा वाकडेपणा तपासा. डगमगणारी डिस्क पॅडना मागं ढकलत असते.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे, त्यामुळं त्याचा दिवा मधूनच लागण्याची तक्रारही आता तुमच्याकडं येणार. त्यात आधी चाकाजवळचा सेन्सर आणि दातेरी चकती चिखलानं माखलीय का, वायर कुठं घासलीय का, ते बघा. महागडं युनिट बदलायची घाई नको.

आता एकेक जण पुढं या. या गाडीच्या पेट्रोलच्या टाकीवर ओलं फडकं अंथरलंय, कारण ब्रेक ऑइल सांडलं तर रंग सोलतो. मास्टर सिलेंडरचं झाकण काढलंय. लिव्हर अगदी हळू, बोटाच्या टोकानं जरासा दाबा आणि ऑइलवर नजर ठेवा, पण तोंड लांब ठेवून. तळातून बारीकसं कारंजं उठतंय, दिसलं? ते भोक उघडं असल्याची खूण. आता मी लिव्हरच्या नाकापुढं पत्र्याची ही पातळ चकती सरकवतो. पुन्हा दाबा. बघा, काही उठलं नाही.