शुभ्र वस्त्राचा चित्रकार : फ्रान्सिस्को दे थुर्बारान

श्रोतेहो, सतराव्या शतकातला स्पॅनिश चित्रकार थुर्बारान याच्या चरित्राकडे वळण्याआधी आपण त्याचे पडद्यावरचे हे एक चित्र नीट पाहू. ते १६२८ सालचे आहे आणि आज अमेरिकेतील हार्टफर्ड येथील वॉड्सवर्थ अथेनियम या संग्रहालयात आहे. दोन्ही हात वर दोरखंडाने बांधलेले, मान एका बाजूला कलंडलेली, ओठ किंचित विलग, असा हा माणूस म्हणजे संत सेरापिओ. तो मर्सिडेरियन संघाचा. मुसलमानांच्या कैदेत पडलेल्या ख्रिश्चनांना खंडणी भरून सोडवून आणणे हे या संघाचे काम होते, आणि वेळ आल्यास त्यांच्या बदली स्वतः ओलीस राहण्याची, साधूंच्या नेहमीच्या तीन शपथांखेरीज, चौथी शपथ संघातले साधू घेत. तेराव्या शतकात सेरापिओचा अनन्वित छळ करून त्याला ठार मारण्यात आले, असे परंपरा सांगते.

आता त्या छळाच्या खुणा चित्रात शोधून पाहा. रक्ताचा एक थेंबही सापडणार नाही. चित्राचा मोठा भाग व्यापला आहे तो जाड, पांढऱ्या झग्याने. त्याच्या घड्या खांद्यापासून सरळ खाली उतरतात, कोपराखाली झोळीसारख्या साचतात, आणि आत शरीर किती जड झाले आहे हे आपल्याला केवळ कापडाच्या ताणावरून कळते. जवळ गेले की हा पांढरा रंग एकच नाही, हे ध्यानात येते. उजेडात तो चुन्यासारखा, वळचणीला राखेसारखा, तर खोल घडीत जवळजवळ मातकट होतो. छातीवरचा लाल-पिवळा बिल्ला एवढाच काय तो रंग, आणि उजवीकडे टाचलेल्या कागदाच्या चिठ्ठीवर संताचे नाव व चित्रकाराची सही.

हे चित्र सेव्हिलच्या मर्सिडेरियन मठातल्या ज्या दालनासाठी काढले गेले, तेथे दिवंगत साधूंचे पार्थिव दफनापूर्वी ठेवले जाई. समोर निजवलेल्या देहावर आणि भिंतीवरच्या चित्रात, दोन्हीकडे झगा एकच असे. हे ठाऊक असले की चित्रकाराने जखमा का टाळल्या याचे निराळे कारण द्यावे लागत नाही.

थुर्बारानचा बाप्तिस्मा ७ नोव्हेंबर १५९८ रोजी एस्त्रेमादुरा प्रांतातल्या फुएंते दे कांतोस या गावी झाला. वडील दुकानदार होते. सुई-दोरा, फिती असा किरकोळ माल विकत. मुलाच्या कापडावरील नजरेचा उगम या दुकानात शोधण्याचा मोह अनेकांना होतो, मलाही झाला आहे. पण पुरावा म्हणून त्यावर भार टाकू नये. १६१४ मध्ये तो सेव्हिलला एका सामान्य चित्रकाराकडे उमेदवारीला राहिला, तीन वर्षांनी प्रांतात परतला आणि येरेना या गावी संसार थाटून कामे घेऊ लागला.

सेव्हिलमधले पहिले मोठे काम १६२६ चे. सान पाब्लो या डॉमिनिकन मठाशी त्याने करार केला : आठ महिन्यांत एकवीस चित्रे, मोबदला चार हजार रेआल. याच मठासाठी त्याने १६२७ मध्ये क्रूसावरचा ख्रिस्त रंगवला. तो आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. जाळीमागच्या अंधुक उजेडात टांगलेले ते चित्र न सांगता पाहणाऱ्याला लाकडी मूर्तीच वाटते, असे पुढे पालोमिनो या चरित्रकाराने लिहून ठेवले. सेव्हिल हे रंगवलेल्या काष्ठशिल्पांचे शहर होते, मोंतान्येससारखे मूर्तिकार तेथे काम करत होते. तेव्हा ही स्तुती तिथल्या लोकांच्या सवयीच्या भाषेतलीच म्हटली पाहिजे. मला मात्र त्यातही ख्रिस्ताच्या कमरेचे वस्त्र आधी दिसते. देह काळोखात अगदी स्थिर आहे आणि त्या वस्त्राच्या चुण्या एवढ्या धारदार आहेत की नुकत्याच मुठीत आवळून सोडल्यासारख्या वाटतात.

१६२९ मध्ये सेव्हिलच्या नगरसभेने त्याला शहरात कायम वास्तव्याचे निमंत्रण दिले. स्थानिक चित्रकारांना हे रुचले नाही. संघटनेच्या वतीने आलोन्सो कानो याने, थुर्बारानने रीतसर परीक्षा द्यावी, असा आग्रह धरला. त्याने ती दिली नाही आणि नगरसभेनेही त्याचीच बाजू घेतली. १६३४ मध्ये माद्रिदच्या राजवाड्यासाठी त्याने हर्क्युलिसच्या पराक्रमांची दहा चित्रे काढली. त्यांवर मी वेळ घालवणार नाही. उघड्या अंगाच्या मल्लात त्याचा जीव रमलेला दिसत नाही. चार-पाच वर्षांनी ग्वादालुपेच्या मठात जेरोनिमाइट साधूंची चित्रे करताना तो पुन्हा पांढऱ्या झग्यांकडे आला आणि त्याचा हात पूर्ववत चालू लागला.

पुढची वर्षे कठीण गेली. मागणी आटली, त्याच्या चित्रशाळेतून संतांच्या चित्रमालिका जहाजांवर चढून दक्षिण अमेरिकेतल्या लिमाकडे जाऊ लागल्या, आणि त्यांत शिष्यांचा हात अधिक असे. १६४९ च्या प्लेगने सेव्हिलचे सुमारे निम्मे लोक नेले; त्यात त्याचा मुलगा हुआन होता, फळाफुलांच्या स्थिरचित्रांत पारंगत. शहराला आता मुरियो या तरुण चित्रकाराची मृदू, प्रसन्न चित्रे हवी होती. १६५८ मध्ये थुर्बारान माद्रिदला गेला. त्याच वर्षी जुना मित्र, राजाचा चित्रकार वेलास्केथ याच्या सांतियागो या मानाच्या सरदारसंघातील प्रवेशासाठी त्याने साक्ष दिली. २७ ऑगस्ट १६६४ रोजी तो वारला.

शेवटी हे लहानसे चित्र, माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातले. करड्या फळीवर एक कोकरू आहे, चारही पाय एकत्र बांधलेले, मागे निव्वळ काळोख. या विषयाची त्याची आणखीही चित्रे आहेत. सान दिएगो येथील चित्रात कोकराच्या डोक्यामागे प्रभावलय आहे आणि खाली ‘कोकरासारखा’ असे लॅटिनमध्ये लिहिले आहे, त्यामुळे हा ख्रिस्ताचाच संकेत हे ताबडतोब कळते. प्रादोच्या चित्रात वलय नाही, अक्षर नाही. लोकर मात्र त्याच निगुतीने रंगवली आहे, ज्या निगुतीने सेरापिओचा झगा : पाठीवर उजळ, पोटाशी मळकट, कुठे गुंता, कुठे ओलसर बटा. आणि खुरांच्या वर, दोरी जिथे आवळली आहे, तिथे ती लोकरीत किंचित रुतली आहे.