अंतरपाटाच्या दोन्ही बाजू

श्रोतेहो, नमस्कार. लग्नाचे चित्रीकरण ठरवायला घरातली मंडळी बसली, की पॅकेज कितीचे आणि त्यात ड्रोन आहे का, हे आधी विचारले जाते. कॅमेरा समोर आला की आपली नवरा-नवरी कशी वागतात, याची चौकशी मात्र सहसा कोणी करत नाही, आणि चित्रफीत कोणत्या धाटणीची हवी हे ठरते ते त्यावरूनच.

ज्यांना नटायला, सांगितले तसे उभे राहायला मनापासून आवडते, त्यांनी खुशाल सिनेमॅटिक, म्हणजे सिनेमासारखी दृश्ये रचून घेणारी शैली घ्यावी. लाजरी जोडपी मात्र ‘जरा तिकडे बघून हसा’ म्हटले की अवघडतात आणि तो अवघडलेपणा पुढे कायमचा पाहावा लागतो. त्यांच्यासाठी डॉक्युमेंटरी शैली बरी. तीत काही घडवून आणले जात नाही, जे घडते ते बाजूला राहून टिपले जाते.

स्लो मोशनबद्दल थोडे सांगायला हवे. सेकंदाला 100 फ्रेम, म्हणजे सुटी चित्रे, टिपून त्या 25 च्या गतीने दाखवल्या, की हालचाल चौपट संथ दिसते. पण त्या गतीत माणसाचा आवाज वापरण्याजोगा उरत नाही, म्हणून वर गाणे चढवले जाते. नवरी हजरजबाबी असेल आणि तिच्या उखाण्याने मांडव हसला असेल, तर ते हसू अशा चित्रफितीत मुकेच राहणार. बोलक्या जोडप्याने म्हणूनच ड्रोनच्या आधी चांगल्या माइकची चौकशी करावी.

अंतरपाटाचेही तसेच आहे. मंगलाष्टके चालू असताना त्या पडद्याच्या एका बाजूला मुंडावळ्या सावरणारा नवरा असतो आणि दुसऱ्या बाजूला, मामा पाठीशी उभा असलेली, हार हातात घट्ट धरलेली नवरी. एका कॅमेऱ्याला त्यातला एकच चेहरा मिळतो, आणि ‘शुभमंगल सावधान’ पुन्हा म्हणायला कोणी गुरुजींना सांगत नाही. तेवढ्या वेळेपुरते तरी दोन कॅमेरे लावावेत.

काम देण्यापूर्वी निवडक दृश्यांची झलक पाहून भुलू नये. कोणाच्या तरी लग्नाची संपूर्ण चित्रफीत, त्यांच्या संमतीने, पाहायला मागावी. आणि मावशीने स्वतः रचलेले मंगलाष्टक सुरात नसले तरी तिच्याच आवाजात ठेवायला आधी बजावून ठेवावे, कारण संकलनात पहिली कात्री बहुधा तिलाच लागते.