अर्ध्या टक्क्याचा हायवे

श्रोतेहो, नमस्कार. तुमच्यापैकी कुणाची लेक, कुणाचा भाचा कॅलिफोर्नियात सनीवेल किंवा क्युपर्टिनोला असेल, तर तिकडे गेल्यावर हायवे ८५ वरून तुम्हाला फिरवून आणलंच असेल. या रस्त्याचा मोठा भाग बांधला गेला दुकानांतल्या बिलांवर.

१९८४ साली सांता क्लारा काउंटीत, म्हणजे ही गावं ज्या जिल्ह्यात येतात तिथे, वाहतुकीची पार कोंडी झाली होती आणि राज्याच्या तिजोरीकडे बघत बसण्यात अर्थ नव्हता. तेव्हा मतदारांनाच विचारलं गेलं: विक्रीकरात अर्धा टक्का वाढ द्याल का, दहा वर्षांसाठी? म्हणजे शंभर डॉलरच्या खरेदीमागे पन्नास सेंट. कामं नावानिशी सांगितली होती. हायवे ८५ चा उरलेला भाग बांधायचा, हायवे १०१ आणि २३७ सुधारायचे. लोक हो म्हणाले आणि १९९४ मध्ये ८५ पूर्ण खुला झाला.

रस्त्यांसाठी पेट्रोलवरचा कर का नाही पुरत? अमेरिकेचा केंद्रीय कर गॅलनला १८.४ सेंट आहे आणि १९९३ पासून तो तिथेच अडलाय. महागाई मात्र थांबलेली नाही, आणि विजेच्या गाड्या तर पंपावर जातच नाहीत.

पण हा विक्रीकर भरतं कोण? पीठ, डाळ, दूध यांवर तिथे विक्रीकर नाही. कुकर घेतला, बूट घेतले की आहे. हॉटेलात भांडी घासणारा, ज्याच्याकडे गाडीच नाही, तोही हायवेला हातभार लावतो. टोल निदान गाडीवाल्याकडून तरी घेतला जातो! गंमत म्हणजे ८५ च्या बऱ्याच भागावर नऊ हजार पौंड वजनावरच्या ट्रकना बंदी आहे. दुकानात माल आणणारा मोठा ट्रक त्या मालाच्या करातून झालेल्या रस्त्यावर येऊच शकत नाही.

१९९५ मध्ये याच काउंटीच्या एका खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा ठरावीक कामासाठीच्या खास कराला साधं बहुमत चालणार नाही, दोन तृतीयांश मतं हवीत. मग नुसत्या हायवेवर एवढी मतं कोण देणार? पुढच्या प्रस्तावांत बस आली, रेल्वे आली, खड्डे आणि सायकलींचे मार्गही आले. बसने जाणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडलं, हे मला बरंच वाटतं.

मुदतीचं मात्र पटत नाही. याच काउंटीत २०१६ मध्ये मंजूर झालेला अर्धा टक्का तीस वर्षांचा आहे. तो दहाच वर्षांचा असता, तर हिशेब घेऊन पुन्हा मतदारांच्या दारात यावं लागलं असतं.