मोअरहाऊस : ज्यांना अक्षर नाकारलं, त्यांचं कॉलेज

(दृश्य : ऑगस्टा शहर, जॉर्जिया. स्प्रिंगफील्ड बाप्टिस्ट चर्च.)

1829 साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने एक कायदा केला. काळ्या माणसाला, मग तो गुलाम असो की स्वतंत्र, लिहायला-वाचायला शिकवणं हा गुन्हा ठरला. शिकवणारा गोरा असेल तर दंड आणि तुरुंग. काळा असेल तर दंड किंवा फटके.

हे लक्षात ठेवलं, तरच 1867 च्या फेब्रुवारीत ऑगस्टामध्ये जे घडलं त्याचं मोल कळतं. यादवी युद्ध संपून दोन वर्षंही झाली नव्हती. विल्यम जेफरसन व्हाइट नावाच्या बाप्टिस्ट पाळकाने स्प्रिंगफील्ड चर्चमध्ये शाळा सुरू केली. तीच पुढे मुलांचं मोअरहाऊस कॉलेज झाली. व्हाइट सुतारकाम करत. चर्चही साधंसुधं नव्हतं. 1787 पासून चालत आलेली ही काळ्या लोकांची स्वतःची मंडळी होती. पहिल्या वर्गात 37 जण होते. त्यांच्यातून पाळक आणि शिक्षक घडवायचे होते, कारण गुलामीतून सुटलेल्या समाजाला या दोन माणसांची निकड सर्वांत जास्त होती.

1879 मध्ये ही शाळा अटलांटाला आली आणि फ्रेंडशिप बाप्टिस्ट चर्चच्या तळघरात भरू लागली. दोन वर्षांनी त्याच तळघरात मॅसॅच्युसेट्सहून आलेल्या सोफिया पॅकार्ड आणि हॅरिएट जाइल्स यांनी 11 विद्यार्थिनी घेऊन मुलींचं विद्यालय उघडलं. तेच आजचं स्पेलमन कॉलेज. एका चर्चच्या तळघरातून दोन नामांकित कॉलेजं उभी राहिली. 1885 मध्ये मुलांची शाळा शहराच्या पश्चिमेला, आजच्या जागी गेली. यादवी युद्धात अटलांटाला वेढा पडला, तेव्हा गुलामी टिकवू पाहणारं दक्षिणेचं सैन्य जिथे लढलं होतं, तीच ही जागा.

(दृश्य : ग्रेव्हज हॉल, लाल विटांची इमारत.)

खरी लढाई पुढे होती. काळ्या मुलांनी शिकायचं ते काय? 1895 मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन या वजनदार काळ्या नेत्याने याच अटलांटात भाषण केलं : आधी हातात हुन्नर येऊ द्या, समान हक्कांची घाई नको. गोऱ्या देणगीदारांना हे फार पटलं. औद्योगिक शाळांकडे पैशांचा ओघ सुरू झाला. ग्रीक आणि लॅटिन शिकून यांना करायचंय काय, असं उघड विचारलं जाऊ लागलं.

जॉन होप यांना ते पटलं नाही. ते मूळचे ऑगस्टाचेच. आपण समतेसाठी झटत नसू तर जगतो तरी कशासाठी, असा रोकडा सवाल त्यांनी 1896 मध्ये केला. 1898 मध्ये ते इथे ग्रीक आणि लॅटिन शिकवायला आले. तोवर कॉलेजच्या नाड्या उत्तरेतल्या गोऱ्या बाप्टिस्टांच्या होम मिशन सोसायटीच्या हाती होत्या, आणि अध्यक्षही गोरेच असत. 1906 मध्ये होप पहिले काळे अध्यक्ष झाले. 1913 मध्ये सोसायटीचे सचिव हेन्री मोअरहाऊस यांचं नाव कॉलेजला मिळालं.

होप यांचा हट्ट रास्तच होता, असं मला ठामपणे वाटतं. हुन्नर कमी प्रतीचा नाही. पण एका समाजाला हुन्नर आणि दुसऱ्याला तत्त्वज्ञान, ही वाटणी करणारा कोण? महाराष्ट्रात हे वेगळं समजावून सांगावं लागू नये.

(दृश्य : वर्धा, 1936.)

1936 च्या अखेरीस बेंजामिन मेझ हे काळे अमेरिकन पाळक आणि प्राध्यापक वर्ध्याला आले. मोअरहाऊसचे पुढचे अध्यक्ष तेच. म्हैसूरला वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेची जागतिक परिषद होती, त्याआधी गांधीजींना भेटायचं होतं. मेझ यांचे आईवडील गुलामीत जन्मलेले. शस्त्रधारी गोऱ्यांच्या जमावाने वडिलांना वाकायला लावलं, ही त्यांची बालपणीची पहिली आठवण. वर्ध्यात सुमारे दीड तास बोलणं झालं, अहिंसेवर आणि जातिव्यवस्थेवरही. त्याच वर्षी लाहोरला होऊ न शकलेलं बाबासाहेबांचं जातिव्यवस्थेवरचं भाषण छापून आलं होतं आणि त्यावर गांधीजींशी त्यांचा वाद झडला होता. मेझ यांनी जातीचा विषय काढला तो ऐन वेळेला.

त्याच दौऱ्यात अस्पृश्य मुलांच्या एका शाळेत मेझ यांची ओळख ‘अमेरिकेतले अस्पृश्य’ अशी करून देण्यात आली. त्यांना धक्का बसला, रागही आला. पण लगेच उमगलं की आपल्या देशात आपण खरोखर तेच आहोत. आत्मचरित्रात त्यांनी हे मोकळेपणाने लिहिलंय.

1940 मध्ये मेझ मोअरहाऊसचे अध्यक्ष झाले. मंदीत खचलेल्या कॉलेजचा कारभार अटलांटा विद्यापीठाकडे गेला होता. तो त्यांनी परत मिळवला. फीवसुली इतकी कडक, की मुलांनी त्यांचं नाव ‘बक बेनी’ ठेवलं (‘बक’ म्हणजे बोलीभाषेत डॉलर). अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली, तरुण सैन्यात गेले, वर्ग ओस पडले. तेव्हा शाळा पुरती न संपवलेल्या हुशार मुलांनाही प्रवेश मिळू लागला. 1944 मध्ये असाच एक 15 वर्षांचा मुलगा आला. त्याचे वडील आणि आईचे वडील, दोघेही इथलेच विद्यार्थी.

(दृश्य : सेल हॉलचं प्रार्थनागृह. लाकडी बाकं.)

दर मंगळवारी सकाळी मेझ इथे बोलत. हजेरी सक्तीची. जगात काय चाललंय, वर्ध्यात काय ऐकलं, आपण इथे काय सोसतोय आणि का, हे सगळं त्यात येई. तो मुलगा भाषण संपल्यावर मागे थांबायचा, मुद्दे काढायचा, हुज्जत घालायचा. 1948 मध्ये तो समाजशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडला. त्याचं नाव मार्टिन ल्यूथर किंग.

9 एप्रिल 1968 रोजी, हत्येनंतर, किंग यांची शवपेटी खेचरांच्या गाड्यावरून याच आवारात आणली गेली. श्रद्धांजलीचं भाषण 73 वर्षांच्या मेझ यांनी केलं. गुरूने शिष्यासाठी करावं असं ते काम नव्हे, पण त्यांनी आवाज ढळू दिला नाही.

आज इथे नवा प्रश्न फीचा आहे. 2019 च्या पदवीदान समारंभात उद्योगपती रॉबर्ट स्मिथ यांनी त्या वर्षीच्या सुमारे 400 पदवीधरांचं शैक्षणिक कर्ज फेडायचं जाहीर केलं. ती रक्कम सुमारे 3 कोटी 40 लाख डॉलर भरली, आणि त्यात आईवडिलांनी मुलांसाठी काढलेलं कर्जही धरलं गेलं. ही भेट त्या एका वर्गापुरती होती. पुढच्या वर्गांतल्या मुलांचं कर्ज त्यांच्या नावावर तसंच राहिलं.